जन्मापासून रहिवासी

त्या दिवसांत मला एका जागी बसवत नव्हतं. बायको म्हणायची, जेवताना तरी पाय हलवू नका. कोर्टासमोरच्या टपरीवर चहाचा कप हातात घेऊन मी फेऱ्या मारायचो आणि निम्मा चहा सदऱ्यावर सांडायचा. कारण एकच होतं. अंबडला भंगाराच्या गोदामात काम करणारा एक माणूस कोठडीत होता, त्याला त्याच्या देशात परत पाठवायची भाषा सुरू झाली होती, आणि त्याच्यावर ही वेळ माझ्यामुळे आली होती. त्याचा वकीलही मीच होतो.

तो म्यानमारमधून पळून आलेला. तिकडे त्याचं गाव जाळलं, वडिलांना मारलं. बायको आणि तान्ही मुलगी घेऊन तो कसाबसा सरहद्द ओलांडून आला. दिल्लीत संयुक्त राष्ट्रांच्या कचेरीत निर्वासित म्हणून नोंद झाली, कार्ड मिळालं, आणि कुणाच्या तरी ओळखीने तो आमच्याकडे पोचला. जालन्याच्या लोखंडाच्या कारखान्यांना भंगार लागतं, ते निवडायला माणसं लागतात. आल्या आठवड्यातच तो आपणहून पोलीस चौकीत गेला, कार्ड दाखवलं, होतं तसं सगळं सांगितलं. सहा वर्षांत त्याची मराठी आमच्यासारखीच झाली होती.

मुलगी शाळेच्या वयाची झाली तेव्हा तो माझ्याकडे आला. शाळेने रहिवासाचा काहीतरी कागद आणायला सांगितलं होतं. मी म्हणालो, एवढंच ना, करून टाकू.

आमच्या घरात कागदाचं फार. आजोबांच्या शाळेच्या नोंदीत जुनी जात, वडिलांच्या नोंदीत बौद्ध, आणि हे दोघं एकाच घरातले आहेत हे पटवून देता देता वडिलांच्या चपला झिजल्या. माझा जातीचा दाखला हातात आला तेव्हा त्यांनी गल्लीत पेढे वाटले. तेव्हापासून माझ्या डोक्यात पक्कं बसलं की माणूस अडला की आधी त्याचा कागद करायचा. नाहीतरी आमच्या भागात हीच रीत आहे. कुणाचं काही अडलं की ओळखीचा सरपंच गाठायचा.

माझा मामेभाऊ जवळच्याच एका गावचा सरपंच होता. त्याच्याकडे रहिवासी दाखल्याचे छापील फॉर्म सही-शिक्का मारून तयार असायचे. मी नाव, वय, धंदा भरला. वर छापलेलं होतं, सदर इसम जन्मापासून या गावचा कायमचा रहिवासी आहे. मी म्हणालो, हे ‘जन्मापासून’ खोडतो.

“दादा, छापील हाय ते,” तो म्हणाला. “खोडाखोड केली की शाळावाले वापस करतेत. अन् कोन वाचून राह्यलंय?”

मी हसलो आणि दाखला खिशात घातला. ज्याचा दाखला होता त्याला मराठी बोलता यायची, वाचता यायची नाही. मी बोट ठेवलं तिथे त्याने सही केली.

याची आठवण झाली की आजही माझा मलाच राग येतो, कारण कायदा मला माहीत होता. कागद नाही म्हणून लेकराला शाळा नाकारता येत नाही. ते लेकरू कुठल्या देशात जन्मलं, याने त्यात फरक पडत नाही. शाळेत जाऊन मुख्याध्यापकांना एवढं सांगायला मला दहा मिनिटं लागली असती. पण सांगण्यापेक्षा कागद सोपा वाटला.

पुढच्या वर्षी बाहेरून आलेल्या लोकांची तपासणी निघाली. पोलिसांच्या हातात दोन कागद पडले, त्याचं कार्ड आणि शाळेत दिलेला दाखला. एकावर तो जीव वाचवून आलेला, दुसऱ्यावर जन्मापासून इथला. हवालदार माझ्या ओळखीचा, वाईट माणूस नाही. त्याने मला बाजूला घेतलं.

“वकीलसाहेब, एक खोटा निघाला की दुसराबी खोटाच धरतेत. मंग त्याला हितं ठिवायचं कशाच्या आधारावर?”

कॉलेजात आंतरराष्ट्रीय कायद्याचा पेपर मी घेतला तो पुस्तक बारीक होतं म्हणून. ते पुस्तक आता पुन्हा काढलं. जिथे माणसाच्या जिवावर बेतेल तिथे त्याला परत ढकलायचं नाही, हे निर्वासितांच्या जागतिक कराराचं मूळ. आपल्या देशाने त्या करारावर सही केलेली नाही, पण जगण्याचा हक्क आपल्या घटनेने परक्यालाही दिला आहे, तेवढ्यावर भांडता येत होतं. त्याच करारात आणखी एक कलम आहे. जीव वाचवायला विनापरवाना आलेल्याला त्यासाठी शिक्षा करू नये, मात्र त्याने वेळ न घालवता अधिकाऱ्यांपुढे येऊन खरं सांगितलं पाहिजे. ते वाचलं आणि मी पुस्तक मिटलं. तो तर आल्या आठवड्यातच चौकीत गेला होता. त्याला खोटं बोलायला लावलं ते मी, मदत म्हणून.

खोट्या दाखल्याबद्दल त्याला कोर्टात उभं केलं तेव्हा न्यायाधीशांनी दाखला हातात धरून विचारलं, हा कुणी भरला? मी उठणार होतो. उठलो नाही. वकिलीची सनद, मामेभावाचं पद, घर, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं. तेवढ्यात तोच बोलला.

“साहेब, म्याच भरला. वकीलसाहेबाला काहीच माहीत न्हाई.”

वकील म्हणून मी त्याला थांबवायला हवं होतं. मी फाईलमध्ये बघत राहिलो. त्याची कोठडी वाढली.

बाहेर व्हरांड्यात मी त्याला विचारलं, असं का बोललास. तो शांत होता, अस्वस्थ मीच.

“तुमी त्याच्यात अडकले तर मह्यासाठी बोलनार कोन?”

मी कसाबसा आठवडा काढला. दाढी करताना दोनदा कापून घेतलं. मामेभाऊ घरी येऊन तासभर ओरडून गेला. शेवटी मी वकीलपत्र मागे घेतल्याचा अर्ज लिहिला, सोबत शपथपत्र, की दाखल्यावरचं अक्षर माझं आहे आणि मजकूर आरोपीला वाचता येत नव्हता. ज्या प्रकरणात वकील स्वतः साक्षीदार होतो, त्यात त्याला वकील म्हणून उभं राहता येत नाही. हे मला माहीत होतं, आणि त्यालाही कुठून तरी कळलेलं होतं.

तारखेला मी काळा कोट न घालता गेलो. शपथपत्र दिलं. न्यायाधीशांनी ते दोनदा वाचलं, माझ्याकडे पाहिलं, आणि विचारलं, आता आरोपीतर्फे कोण? मागच्या बाकांवर बारा-पंधरा वकील बसले होते, सगळे माझ्या रोजच्या उठण्याबसण्यातले. कुणी मोबाईल काढला, कुणी फाईल उघडली. न्यायाधीशांनी सरकारी खर्चाने वकील देण्याचा आदेश लिहिला आणि पुढची तारीख टाकली. पिंजऱ्यातून तो माझ्याकडेच बघत होता, मी काहीतरी बोलेन म्हणून, आणि मला बोलायची परवानगी नव्हती.