रुद्राणीचा गडप होणारा मेसेज

उदगीरची रुद्राणी स्वतःच्या कामाबद्दल बोलताना आवाज कधी खाली घेत नसे. पुण्यातली नोकरी सोडून ती लातूरला परत आली तेव्हा लोकांनी तिला वेड्यात काढलं. ती म्हणाली, "मशिनी इथं हायत, मग मी तिथं काय करत बसू?"

शरणप्पांच्या डाळ मिलमध्ये कॅमेऱ्यानं डाळ निवडणारी मशीन होती. काळा दाणा दिसला की एखादा व्हॉल्व्ह हवेचा झोत सोडून तो उडवी. कोणता व्हॉल्व्ह अडकला हे कळावं म्हणून रुद्राणीनं मशीनच्या कॉम्प्युटरच्या कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यात, बसणारा एक छोटा प्रोग्रॅम, मॉड्यूल, लिहिला होता. लातुरातलं तिचं हे पहिलंच मोठं काम.

आणि श्रावणापासून मॉड्यूल मुका झाला. चांगल्या डाळीत काळे दाणे येत होते, म्हणजे व्हॉल्व्ह अडकत होते, पण लॉगमध्ये, कॉम्प्युटरच्या नोंदवहीत, मॉड्यूलचा एकही मेसेज नाही.

"अक्का, हैदराबादचा इंजिनिअर तुझं सगळं काढून त्याचं टाकतो म्हणतोय," शरणप्पा म्हणाले. "संध्याकाळी त्याला कळवायचंय. मार्केटात एकदा नाव गेलं तर दुसरा मिलवाला तुला दारात उभं करणार न्हाई."

"मेसेज जातो म्हणजे जातोच, अप्पा. कुठं गडप होतो तेवढं बघते." ती मशीनच्या कॉम्प्युटरसमोर बसली.

कोणते मेसेज दाखवायचे आणि कोणते गाळायचे, ती पातळी बरोबर होती. चुकून जुना मॉड्यूल चढलाय का तेही पाहिलं, नवाच होता. मशीन बंद ठेवून तिनं तो काढून पुन्हा चढवला, तर त्याचा "सुरू झालो" हा मेसेज लगेच हजर. मशीन सुरू करून थोड्या वेळानं पाहिलं, तर तोही गायब. म्हणजे मेसेज पोचत होता, नंतर पुसला जात होता.

लॉगला जागा थोडी. नव्या ओळी आल्या की जुन्या पुसल्या जातात. आणि ही शहाणी इतके दिवस फक्त स्वतःच्या मॉड्यूलचं नाव टाकून शोधत होती, बाकीच्या ओळी वाचल्याच नव्हत्या. आता वाचल्या. यूएसबी जोडलं, यूएसबी निघालं, जोडलं, निघालं. दुसरं काहीच नाही.

ती मशीनच्या मागं गेली. यूएसबीत एक वायर खोचलेली, आणि वायरीच्या टोकाला भस्म लावलेला "ॐ नमः शिवाय" म्हणणारा डबा. मशीन थरथरली की ढिली पिन हले आणि डबा कर्नलला पुन्हा नव्यानं ओळख देई, आणि त्या ओळींच्या गर्दीत मॉड्यूलचा मेसेज पुसला जाई.

"श्रावणात बसवलाय तो," शरणप्पा कडक आवाजात म्हणाले. "काढायचा न्हाई."

"काढायचा कोण म्हणतंय? महादेवाला मशीनच्या मागं कोंबलंय तुम्ही." रुद्राणीनं पर्समधला मोबाईलचा चार्जर काढला आणि डबा शरणप्पांच्या गादीजवळच्या विजेच्या बोर्डाला लावला. जप सुरूच राहिला.

मशीन पुन्हा धडधडली. बराच वेळ लॉग शांत होता. मग एक ओळ आली: सातवा व्हॉल्व्ह अडकला. शरणप्पांनी स्वतः झाकण उघडलं. सातव्यात तुरीचं टरफल घट्ट बसलं होतं. ते चिमटीत धरून त्यांनी उजेडात पाहिलं आणि हैदराबादला फोन लावला.

"येऊ नका साहेब. आमचं माणूस हाय आमच्याकडं."

रुद्राणी खुदकन हसली. फोन खिशात टाकत शरणप्पा म्हणाले, "आता माझ्या साडूच्या मिलमधल्या मशीनला बी तुझाच मॉड्यूल बसव. आन् जाताना एक चार्जर घेऊन जा. त्याला बी डबा मीच दिलाय."