तुळजाबाईंनी काळ्या आभाळाखाली पेटवलेली चूल

संध्याकाळची पूजा उरकली आणि लगेच वही ओढली. कालचा-आजचा दिवस लिहिल्याशिवाय चैन पडायचं नाही.

तुळजाबाई भूकंपात गाव गेल्यावर लातूरला आल्या. पुढं आमच्या गल्लीत क्लासच्या मुलींची होस्टेलं झाली, तशा त्या मेससाठी कुरडया घालू लागल्या. हाताखाली चार बायका, काम आमच्याच गच्चीवर. पावसाचा अंदाज त्या मिठावरून, मुंग्यांवरून बांधतात. गेल्या आठवड्यात मात्र फसल्या. मीठ पाझरलं म्हणून सगळ्यांना थांबवलं, भिजलेले गहू नासले, आणि ऊन पडलं कडक! मिठाची बरणी आमच्या कूलरसमोर होती, हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. मेसवाल्या महादेवप्पांनी बजावलं, "या खेपेला चुकलात तर काम दुसरीकडं."

काल सकाळी आभाळ काळंभोर. पातेल्यात चीक निवळून तयार. शिजवला नाही तर आंबणार. शिजवून घातल्या आणि पाऊस आला, तर कुरडयांचा चिखल.

"पेपरात पाऊस लिहिलाय," आमचे हे म्हणाले.

तुळजाबाई गच्चीवर गेल्या, मागोमाग मी. मीठ त्यांनी आदल्या दिवशीच तिथं वाटीत ठेवलेलं. चिमटीत धरलं, तर कोरडं खडखडीत. कठड्याखाली मुंग्यांची रांग होती. एकीच्याही तोंडात अंडं नव्हतं. वर घारी निवांत घिरट्या घालत होत्या.

"पेटवा चूल," त्या म्हणाल्या.

"आज कुणाचा कूलर बघून आलात, मावशी?" चौघींतल्या मंजुश्रीनं टोमणा मारला.

"तुझ्या सासरचा. सोऱ्या धर अन् तोंड कमी चालव. पाऊस न्हाई येत, लिहून घ्या काकू!"

मी हातातल्या पळ्यानं चीक ढवळत मनात शिवाचं नाव घेत होते. कुरडयांनी पहिलं धोतर भरलं, दुसरं भरलं, तरी आभाळ तसंच. अकरा वाजता वारं सुटलं आणि ढग असे फाटत गेले की गच्ची पायाला भाजू लागली. बायका हसत सुटल्या.

आज दुपारी कुरडया कडकडीत वाळल्या. महादेवप्पांनी एक तळली, ती कढईभर फुलली. "लई झकास! पुढच्या सालचंबी काम तुमचंच, बाई."

आता गल्लीतल्या बायका पापडांचा, शेवयांचा दिवस विचारायला आल्यात. तुळजाबाई आमच्या पायरीवर बसून एकेकीला वार सांगतायत, आणि मंजुश्री सगळ्यांना रांगेत उभं करतेय.