फायनलच्या आधीचा पाऊण तास

गुजरातेत, मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात मी मेंटेनन्स बघतो. नव्याने लागणाऱ्या प्रत्येकाला माझा पहिला धडा ठरलेला असतो: चालत्या मशीनला उगाच हात लावायचा नाही. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडा पाषाण. आमच्या घराण्यात इथल्या संस्थानच्या काळापासून सगळे दुसऱ्यांना नियम सांगण्याचाच पगार घेत आले आहेत.

रविवारी मी रिमोटच्या गाड्यांच्या शर्यतीत उतरतो. वय एक्कावन्न. गाडी हातभर लांबीची, चारही चाकांवर जोर असलेली. सहा वर्षांत मला एकदाही फायनल गाठता आली नव्हती. त्या रविवारी तरसालीच्या मैदानावर ती गाठली. सकाळच्या फेऱ्यांत गाडी अशी धावली की माझा माझ्यावरच विश्वास बसेना. मी लगेच बायकोला फोन केला. तिला बोलावण्याजोगं काहीतरी पहिल्यांदाच घडलं होतं. ती हातातलं काम टाकून रिक्षाने आली. मला ती फायनल मनापासून हवी होती, आणि तिच्यासमोर हवी होती.

हातात पाऊण तास होता. शेजारच्या टेबलावर एक निवृत्त गुजराती डेंटिस्ट होते, नेहमी पहिले येणारे. त्यांनी ब्रशने गाडीची माती झटकली, बॅटरी चार्जिंगला लावली, चाकांचे नट तपासले आणि ते फाफडा खात बसले.

"फोनवर तर म्हणालात, मस्त चालतेय," बायको म्हणाली. "मग राहू द्या ना."

मी मागचं चाक हाताने फिरवलं. मला आवाज आला. असा आवाज मला नेहमी येतो, इतर कोणाला येत नाही. डेंटिस्टनी कान लावला आणि काही नाही म्हणाले. त्यांना दातांचंच कळतं, असं मी ठरवलं आणि मागचा डिफरन्शियल, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा डबा, खोलला. आत सगळं ठणठणीत होतं. शहाणा माणूस तिथे थांबला असता. मी तेल बदललं, गिअर पुसले, बेअरिंगं धुतली, बायकोला प्रत्येक स्क्रूचं महत्त्व समजावून सांगितलं. नाव पुकारलं तेव्हा शेवटचा स्क्रू आवळत होतो. चाकं एकदा फिरवून बघायला वेळ उरला नाही. बॉडीवर फडकं मारायला मात्र उरला.

शिट्टी झाली. नऊ गाड्या सुटल्या, माझी जागेवरच. मी आणखी जोर दिला. पुढची चाकं पुढे फिरत होती, मागची मागे, आणि गाडी तिथल्या तिथे खड्डा खणत होती. तो डबा मी डावी बाजू उजवीकडे करून बसवला होता. तसाही तो नीट बसतो, हीच त्याची खोड. फक्त मग ती चाकं उलटी फिरतात. नवशिके ही चूक पहिल्या महिन्यात करून मोकळे होतात. मी ती सहा वर्षं राखून ठेवली होती. लोक हसले. मीही हसून दाखवलं.

परतताना बायको स्कूटरवर मागे, गाडीची पेटी मांडीवर घेऊन बसली होती. फतेगंजच्या सिग्नलला आम्ही थांबलो. तिथे तिने विचारलं, आवाज खरंच येत होता का?

मी नाही म्हणालो. मग म्हटलं, "हात लावला नसता आणि हरलो असतो, तर गाडी चांगली होती, मीच वाईट चालवतो, असं झालं असतं. तेही तुझ्यासमोर."



"मी गाडी बघायला नव्हते हो आले," ती म्हणाली. "तुम्हाला चालवताना बघायला आले होते."

सिग्नल सुटला होता. मागचे हॉर्न वाजवत होते, तरी मला स्कूटर पुढे काढायचं सुचत नव्हतं.