दोन धातू आणि आबांची निमकी

जळगावच्या डॉक्टरांनी फिल्म उजेडात धरली. "प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांत पोचलाय. हे चार काळे ठिपके बघा."

आबा, माझे वडील, अमळनेरजवळचे कापूस पिकवणारे शेतकरी. ते अहिराणीत म्हणाले, "बाकीनं बठ्ठं बरं शे ना?" म्हणजे बाकी सगळं ठीक आहे ना.

ठिपके दाखवले टेक्नेशियमने. हा माणसाने तयार केलेला किरणोत्सारी धातू. शिरेतून दिला आणि तीन तासांनी बोन स्कॅन, म्हणजे हाडांचे चित्र काढले. त्याचे हाफ-लाइफ सहा तास. दर सहा तासांनी तो निम्मा होतो. तो फक्त दाखवतो.

वर्षभराने कॅन्सरवर चालू असलेली हार्मोनची इंजेक्शने लागू पडेनाशी झाली, तेव्हा मुंबईत ल्युटेशियम दिले. हा धातू जमिनीत सापडतो, पण औषधातला किरणोत्सारी प्रकार अणुभट्टीत बनवतात. तो कॅन्सरच्या पेशींना चिकटून त्यांना मारतो. थोडे किरण शरीराबाहेरही येतात. हाफ-लाइफ साडेसहा दिवस.

"आठ दिवस लहान मुलांपासून दोन मीटर लांब," डॉक्टर म्हणाले.

माझी मुलगी सई पाच वर्षांची. संध्याकाळी आबांच्या मांडीवर बसून पाढे म्हणायची. मलाही त्यांनी तिथेच निमकी शिकवली होती, अर्ध्याचा पाढा. त्याच निमकीने मी हिशेब केला: दहा वेळा निम्मे व्हायला, म्हणजे जवळजवळ संपायला, पासष्ट दिवस. डॉक्टरांच्या आठऐवजी मी पासष्टच ठरवले.

कपाशी लावायची दोरी ओसरीवर टाकली. चार-चार फुटांवर गाठी. आबा पहिल्या गाठीशी, सई तिसरीपलीकडे. दोघे ओरडून पाढे म्हणत.

"मी काय कपाशीनं झाड शे का रे?" आबा हसायचे.

चोविसाव्या दिवशी त्यांनी विचारले, "निम्मानं निम्मं करत गये, तर शून्य कधी व्हई?"

"कधीच नाही, आबा."

"मंग मरेपर्यंत दूर बसाडशी का?"

मी मुंबईच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "बरंचसं औषध लघवीवाटे पहिल्या दोन दिवसांतच जातं. आठ सांगितले म्हणजे आठच." मी दोरी गुंडाळायच्या आत सई मांडीवर होती.

आबा त्यानंतर सात महिने होते, बरेचसे वेदनेशिवाय. त्या दोन्ही धातूंचा मी ऋणी आहे.

तुमच्या घरी ही वेळ आली, तर डॉक्टर सांगतील तेवढे दिवस काटेकोर पाळा. त्यात स्वतःचे दिवस मिळवू नका. मी पंधरा मिळवले. त्या पंधरा संध्याकाळी आबांची मांडी रिकामी होती.