टाचा

माझी ईरा टाचा टेकवत नाही. तिचा आजार इतका दुर्मीळ, की डॉक्टर म्हणाले, "औषधाची चाचणी सुरू करायची तर अशी आणखी मुलं सापडायला हवीत."

तेव्हापासून माझी नजर ज्याच्या त्याच्या मुलांच्या पावलांवर. काल बागेत एक अनवाणी मुलगा चवड्यांवर चालताना दिसला. मी धावतच त्याच्या आईला गाठलं.

"नेहमी असाच चालतो का हो?"

"छे हो! नव्या बुटांनी टाचा सोलवटल्यात." ती हातातले बूट दाखवत हसली.

"एवढंच ना? बरं बाई," मी म्हणाले, पण मन खट्टू झालं. दुसऱ्याचं लेकरू धडधाकट निघालं म्हणून खट्टू व्हावं, ही कसली आशा?

मुलगा घसरगुंडीकडे निघाला. टाचा खरंच सोलवटल्यात ना, ते मी वाकून पाहिलं.