माझं गुप्त मत

चहा घ्या, हवं तेवढं हसा, पण माझ्या तोंडाकडे बघू नका. अजून लाज वाटते मला!

आमच्या मुरुडला मासळी विकणाऱ्या बायकांची सोसायटी आहे. यंदा अध्यक्षाची निवडणूक मोबाइलवर. उभ्या दोघी. रंजना, आणि माझी धाकटी जाऊ हौसा. आम्ही जावा एकाच घरात राहतो, एकाच शेगडीवर रांधतो. मग माझं मत कोणाला? रंजनाला! का म्हणून काय विचारता? हौसा अध्यक्ष झाली तर घरात मला कोण विचारणार?

सेक्रेटरीबाई म्हणाल्या, "तुमचं मत मलापण दिसणार न्हाय." पण माझा विश्वास बसेल तर ना! बटण एकीचं दाबलं आणि मत दुसरीला गेलं तर? म्हणून ओटीपी टाकला, रंजनाचं नाव दाबलं आणि 'तुमचं मत: रंजना' असं आलं, त्याचा स्क्रीनशॉट काढून पनवेलच्या लेकीला पाठवला. खाली लिहिलं, "बघ गं, बरोबर गेलं ना? हौसाकाकीला बोलू नको."

पाठवल्यावर वर बघते तर काय! लेक कुठली? सोसायटीचा ग्रुप!

घाईघाईत डिलीट दाबलं. फोनने काहीतरी विचारलं, मी दिसेल ते दाबलं. मेसेज गायब! म्हटलं, सुटले बाई.

मग काय, अंगात बळ आलं. हौसा स्वयंपाकघरात बोंबील साफ करत होती. कोणी बोलावलं नसताना गेले.

"हौसे, माझं मत तुलाच गं. एकवीरेची शपथ!"

"व्हय का, ताई?"

"मग! घरचं माणूस सोडून रंजनाला देईन होय?"

तिने हात धुतले, पदराला पुसले आणि आपला फोन माझ्यापुढे धरला. स्क्रीनशॉट जसाच्या तसा!

"ताई, तुम्ही फक्त तुमच्या फोनमधून पुसलंय. आमच्या सगळ्यांच्या फोनमध्ये हाय."

मी उगाच शेगडी पुसायला घेतली.

"शपथ तरी घ्यायची न्हाय," एवढंच म्हणाली आणि परत बोंबील घेऊन बसली. भांडली असती तर बरं वाटलं असतं हो!

हौसा निवडून आली. पहिल्याच सभेत कोणीतरी विचारलं, "मोबाइलवर मत गुप्त राहतं कशावरून?"

हौसा उठली. "मला कोणी मत दिलं, कोणी न्हाय दिलं, मला कायपण ठाव न्हाय. एक सोडून."

सगळ्या बायकांच्या माना माझ्याकडे वळल्या. कुठे बघावं कळेना, म्हणून मी जोरात टाळ्या वाजवल्या.

एकटीनेच!