वेल्सबीचं नक्षत्र

माझी बायको सुमित्रा दर शनिवारी सकाळी आमच्या बनशंकरीतल्या गणपतीच्या देवळात एका इंग्लिश फुटबॉल क्लबच्या नावानं अर्चना करायची. थट्टा नाही. पुजारी कन्नडात नाव विचारायचे, "हेसरु? गोत्र? नक्षत्र?" ही ठणठणीत आवाजात सांगायची, "वेल्सबी टाउन. काश्यप. मूळ." रांगेतल्या बाया एकमेकींकडे बघायच्या. मी बाहेर चपलांपाशी उभा राहून ही बाई आपली कोणी नाही असा चेहरा करायचो.

वेल्सबी हे इंग्लंडातलं लहान गाव. आमचा सुरेश तिथं नोकरीला आहे. नातू झाला तेव्हा सुमित्रा सहा महिने राहून आली. मी गेलो नाही. जन्म पीण्या भागातल्या कारखान्यात लेथवर गेला, म्हातारपणी थंडीत कुडकुडायला कोण जातो? सुरेशच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून क्लबचं मैदान दिसायचं. पहिली मॅच हिनं भांडी घासता घासता बघितली. दुसऱ्या मॅचला कोडबळ्यांचा डबा घेऊन गेटवरच्या म्हाताऱ्याच्या शेजारी जाऊन बसली. तो क्लबचा इतिहास सांगायचा, सुरेश मराठीत करायचा, आणि ही तो सोयरीक जुळवायला निघाल्यासारखा पाठ करायची.

परत आली ती तो इतिहास घेऊनच. हळदीकुंकवाला आलेल्या बायांना गल्लीतल्या घराण्याची गोष्ट सांगावी तशी सांगायची. "वीटभट्टीवरच्या लोकांनी काढला हो क्लब. दारूच्या दुकानाच्या मागच्या खोलीत. गोलकीपर पाव भाजायचा. हाताला पीठ, म्हणून बॉल निसटायचा." एकदा लाकडी गॅलरी जळाली तर गावानं घरांचे दरवाजे काढून आणले आणि त्याच्या फळ्या ठोकल्या, हे सांगताना तिचे डोळे भरायचे. मी म्हणायचो, "अगं, आपल्या दाराची कडी वर्षभर मोडलीय." ती म्हणायची, "ती तुम्ही बसवा. तुम्ही कुठं वेल्सबीत राहता?"

अर्चनेला नक्षत्र लागतं. म्हणून हिनं सुरेशला त्या म्हाताऱ्याकडं पाठवलं : क्लब कुठल्या दिवशी काढला, किती वाजता? म्हातारा म्हणाला, तारीख पुस्तकात आहे, वेळ दिवे लागल्यानंतरची. तेवढ्यावर जयनगरच्या जोशांनी पंचांग उघडून मूळ नक्षत्र काढून दिलं. सुमित्रानं कपाळाला हात लावला. "मूळ! तरीच एक मालक टिकत नाही!" आणि खरंच, मालक बदलत असायचे. गोत्राचं तिला कोडं नव्हतं. ज्याला गोत्र माहीत नाही त्याचं काश्यप.

एवढं करून क्लब हरायचाच. रविवारी दुपारी सुरेशचा फोन यायचा, मायलेक तासभर बोलायचे. मी विचारायचो, "देव ऐकतो का तुझं?" "स्वल्प थांबा," ती म्हणायची. "जिंकणाऱ्यांच्या मागं सगळं जग असतं. हरणाऱ्याला घरचं माणूस लागतं." फोन माझ्याकडं दिला की मी विचारायचो, "जेवलास?" तो म्हणायचा, "जेवलो अप्पा." संपलं. बापलेकांचं बोलणं एवढंच.

गेल्या वर्षी तिच्या पोटात गाठ निघाली. मी चिडून म्हटलं, "आता तरी स्वतःच्या नावानं अर्चना कर." ती म्हणाली, "इतकी वर्षं दुसऱ्याचं नाव सांगितलं. आता माझं सांगितलं तर देव म्हणेल, या कोण नवीन बाई?" आणि हसली. मला राग आला. अजून येतो.

त्याच साली वेल्सबी तळाला गेला. शेवटची मॅच जिंकली तर राहणार, नाही तर खालच्या डिव्हिजनात. तिला ते दुखण्यापेक्षा जास्त लागलं. हॉस्पिटलात माझा हात धरून म्हणाली, "अहो, शेवटच्या शनिवारी देवळात तुम्ही जा. तुमच्याकडं दुसरं काही मागत नाही." मॅचला तीन आठवडे राहिले होते तेव्हा ती गेली.

सुरेश आला. तेरा दिवस राहिला. तिकिटं, दाखले, बँकेचे कागद, सगळं नीट केलं. डोळ्यातून टिपूस नाही. तिच्या बहिणी कुजबुजल्या, "इंग्लंडात राहून दगड झाला." माझेही डोळे कोरडेच होते. जाताना त्यानं विचारलं, "अप्पा, जेवाल ना वेळेवर?" मी म्हटलं, "जेवीन."

शेवटच्या शनिवारी मी देवळात गेलो. घरात मयत झालं की वर्षभर देवळाची पायरी चढू नये म्हणतात. पुजाऱ्यांनी ते हळूच सांगितलंही. मी म्हटलं, "स्वामी, अर्चना माझी नाही. ज्याची आहे त्याला सुतक नाही." मग मी तोंड उघडायच्या आधी त्यांनीच ताट घेतलं आणि म्हणायला लागले, "काश्यप गोत्र, मूळ नक्षत्र, वेल्सबी टाउन..." एक अक्षर चुकले नाहीत.

रविवारी दुपारी फोन वाजला. मी उचलला.

"हरले?" मी विचारलं.

"शेवटच्या मिनिटाला, अप्पा. एका गोलनं," तो म्हणाला, आणि रडायला लागला. लहान असताना जिन्यावरून पडला होता तेव्हा रडला होता, तसा. हुंदके देऊन. मध्येच म्हणायचा, "एवढी जवळ आली होती मॅच, अप्पा, एवढी जवळ." एका गोलसाठी कोणी इतकं रडत नाही हे माझ्यासारख्या सातवी पास माणसालाही कळतं. मी फोन कानाला लावून खाली फरशीवरच बसलो. माझाही शर्ट भिजत होता.

बऱ्याच वेळानं मी म्हटलं, "रेफ्री चोर असणार."

"होय अप्पा," तो नाक ओढत म्हणाला. "चोरच होता." आणि पहिल्या मिनिटापासून मॅच सांगायला लागला.